आजारी मूल आणि दवाखान्याची वाट : निर्णयाचे अर्थशास्त्र



विकासाचे मोजमाप करताना अर्थशास्त्राची नजर प्रथम उत्पन्न, उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार यांच्याकडे जाते. परंतु समाज आपल्या सर्वांत दुर्बळ घटकाला कितपत सांभाळतो, हे ज्या एका आकड्यावरून कळते तो आकडा बालमृत्यूचा आहे. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत असत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२३ साली हे प्रमाण २५ वर आले. लसीकरण, दवाखान्यातील प्रसूती, रस्ते, शिक्षण आणि वाढते उत्पन्न या सर्वांचा त्यात वाटा आहे. हे यश लहान नाही.

मात्र सरासरीच्या पोटात मोठी विषमता दडलेली असते. त्याच वर्षी केरळमध्ये हा दर ५, तर मध्य प्रदेशात ३७ होता. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली जन्मलेल्या दोन बालकांच्या जगण्याच्या शक्यतेत सातपटींहून अधिक अंतर आहे. दारिद्र्य, कुपोषण, मातेचे आरोग्य, सेवांची उपलब्धता ही त्याची परिचित कारणे होत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. या साखळीतील एका दुव्याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. तो दुवा इस्पितळात नसून घरात असतो. मूल आजारी पडले आहे. त्याला आता दवाखान्यात न्यायचे की उद्या सकाळपर्यंत वाट पाहायची, हा तो प्रश्न. आजचे विवेचन या एका प्रश्नापुरते मर्यादित आहे.

तीन विलंब

मातामृत्यूंचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली. उपचार घेण्याचा निर्णय करण्यातला विलंब हा पहिला, उपचाराच्या ठिकाणी पोहोचण्यातला विलंब हा दुसरा आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब हा तिसरा. बालमृत्यूंनाही ही मांडणी तंतोतंत लागू पडते. दुसऱ्या विलंबासाठी रस्ते आणि रुग्णवाहिका, तिसऱ्यासाठी डॉक्टर, औषधे आणि यंत्रसामग्री अशी तरतूद अंदाजपत्रकात करता येते. पहिल्या विलंबासाठी कोणते लेखाशीर्ष उघडावे, हे मात्र चटकन सुचत नाही. त्यामुळे तो नियोजनाच्या नजरेतून निसटतो.

या विलंबाचे गांभीर्य वयाशी निगडित आहे. २०२० साली देशाचा अर्भकमृत्यू दर हजारी २८ होता आणि त्यांपैकी २० मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले होते. मोठ्या माणसाच्या आजारात दोन दिवसांची दिरंगाई बहुधा निभावून जाते. नवजात बालकाच्या जंतुसंसर्गात काही तासांचाच अवधी हाती असतो.

घरातला हिशेब

दिरंगाई करणाऱ्या कुटुंबाला अज्ञानी किंवा बेफिकीर ठरवणे सोपे असते. अर्थशास्त्राने मात्र त्या कुटुंबाच्या जागी उभे राहून हिशेब मांडला पाहिजे. मूल दवाखान्यात न्यायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, गाडीभाडे लागणार, तपासणी व औषधांना पैसे लागणार आणि घरातल्या इतर मुलांकडे पाहायला कोणीतरी शोधावे लागणार. हा खर्च आजचा, रोख आणि निश्चित असतो. न नेल्यास होणारी हानी मात्र अनिश्चित असते. बहुतेक ताप-खोकले आपोआप बरे होतात, हा अनुभवही पाठीशी असतो. तेव्हा ‘रात्र काढू, सकाळी पाहू’ हा विचार मूर्खपणाचा नसतो. अपुऱ्या माहितीच्या आधारे केलेला तो एक हिशेबच असतो.

या हिशेबात दोन प्रकारच्या चुका संभवतात. गरज नसताना दवाखाना गाठला तर एक दिवसाची मजुरी आणि काही शे रुपये जातात. गरज असताना गाठला नाही तर मूल जाते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, हे प्रत्येक आई-बापाला ठाऊक असते. कोणता आजार कोणत्या प्रकारात मोडतो, हे ओळखण्याची खूण तेवढी त्यांच्यापाशी नसते. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ अनिश्चिततेने ग्रासलेली असल्याचे दाखवून दिले. तेथे विवेचन मुख्यतः डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ज्ञानातील तफावतीचे होते. परंतु रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ही अनिश्चितता सुरू झालेली असते. ती कमी करणारी माहिती एकाने घेतल्याने दुसऱ्यासाठी उणी होत नाही. या अर्थाने ती खरीखुरी सार्वजनिक वस्तू आहे आणि तिचा पुरवठा करणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्य ठरते.

धोक्याची लक्षणे

ही माहिती फार गुंतागुंतीचीही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नव्वदच्या दशकात बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धत तयार केली. भारताने तिच्यात नवजात बालकांचा समावेश करून ती स्वीकारली. रोगाचे अचूक निदान करण्यापूर्वी बालकाला तातडीने न्यावे लागेल का, हे काही दृश्य लक्षणांवरून ठरवणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

दोन महिन्यांहून मोठ्या आणि पाच वर्षांपर्यंतच्या बालकात चार सर्वसाधारण धोक्याची लक्षणे मानली जातात. मूल काहीच पिऊ शकत नाही किंवा अंगावर पीत नाही, पोटात गेलेले सर्व काही उलटून पडते, झटके येतात, अथवा मूल ग्लानीत आहे, हाक मारली तरी नीट जागे होत नाही. यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

खोकला किंवा सर्दी असेल तर श्वास मोजावा. मूल शांत असताना, रडत वा पीत नसताना, पोटावरचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट मोजणी करावी. दोन महिन्यांच्या आतील बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हा जलद श्वास होय. दोन महिन्यांच्या आतील बालकाची मोजणी ६० वर गेल्यास ती पुन्हा एकदा करून खात्री करावी. जलद श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असल्याने त्याच दिवशी उपचार हवेत. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा शांत असतानाही घशातून घरघर ऐकू येत असेल, तर आजार गंभीर समजावा.

जुलाबात सर्वांत मोठा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो. डोळे खोल जाणे, चिडचिड, अधाशासारखे पाणी पिणे, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होणे ही पाणी कमी झाल्याची चिन्हे आहेत. मूल मलूल पडून पाणीही पिईनासे झाले आणि चिमटीची घडी दोन सेकंदांहून अधिक काळ राहिली, तर ती आणीबाणी होय. शौचात रक्त दिसले किंवा जुलाब चौदा दिवस चालू राहिले, तरी डॉक्टरांकडे जावे.

दोन महिन्यांच्या आतील बालकासाठी नियम अधिक कडक आहेत. कालपर्यंत नीट अंगावर पिणारे मूल आज पीत नाही, हालचाल मंदावली आहे किंवा हलवल्याशिवाय होत नाही, अंग तापले आहे किंवा नेहमीपेक्षा गार लागते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात, श्वास जलद आहे किंवा छाती आत ओढली जाते, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. या वयात ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान जसे धोक्याचे, तसेच ३५.५ अंशांखालचेही धोक्याचे. ‘ताप नाही, अंग गार आहे’ हा दिलासा येथे फसवा ठरू शकतो.

या ज्ञानाची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. साधी सर्दी आहे, श्वास जलद नाही, मूल पीत-खात आणि खेळत आहे, तर प्रतिजैविकांची आणि इंजेक्शनची गरज नसते. अशा वेळी मुलाला ऊब द्यावी, अंगावर पाजत राहावे, पातळ पदार्थ अधिक द्यावेत आणि लक्षणांवर नजर ठेवावी. कधी जावे हे कळण्यात कधी जाऊ नये हेही कळणे आले. त्याने कुटुंबाचा पैसा वाचतो, दवाखान्यातील गर्दी घटते आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ रोखण्यास हातभार लागतो.

लोकभाषेतील खुणा

ही लक्षणे समाजाला अपरिचित आहेत असे मानणे बरोबर नाही. उत्तर भारतातील खेड्यांत न्यूमोनियाला ‘पसली चलना’ म्हणतात. बरगड्यांखालचा भाग आत-बाहेर होणे हे जे लक्षण वैद्यकाने गंभीर मानले, तेच या शब्दांत टिपलेले आहे. महाराष्ट्रात ‘मुलाला डबा झाला’ असे म्हणतात, तेव्हाही आईने पोटाची जलद हालचाल पाहिलेली असते. ‘टाळू बसली’ हे पाणी कमी झालेल्या तान्ह्या मुलाचे निरीक्षण आहे. समाजाकडे पाहण्याची नजर आहे, शब्दही आहेत. निरीक्षणापासून कृतीपर्यंतची वाट तेवढी चुकते. मेळघाटासारख्या भागात आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याचे प्रकार आजही उघडकीस येतात. ते थांबलेच पाहिजेत. परंतु चटके देणाऱ्या कुटुंबाने आजार ओळखला होता आणि त्यावर काहीतरी तातडीने केले पाहिजे हेही जाणले होते, ही गोष्ट आरोग्यशिक्षणाने ध्यानात घ्यावी. ‘डबा दिसला की दवाखाना’ हे वाक्य त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगितले, तर ते न्यूमोनियाच्या शास्त्रीय व्याख्येपेक्षा लवकर रुजते.

गडचिरोलीचा धडा

विलंबाचे स्वरूप किती तीव्र असू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत ७६३ नवजात बालकांचे घरोघर निरीक्षण केले. सुमारे ५४ टक्के बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात ते तीन टक्क्यांहूनही कमी बालकांना मिळाले. या आकड्यांत तिन्ही विलंबांचे ओझे एकत्र दिसते.

याच जिल्ह्यातून उत्तरही आले. गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून गोळ्या देण्यास शिकवल्यास बालमृत्यू घटतात, हे १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. ज्यांना अंकमोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, की श्वास जलद आहे की नाही ते कळे. पुढे ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. याच अनुभवाच्या पायावर २०११ साली देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींची त्यात भर पडली.

याहून जुना दाखला १९७१ सालचा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा अपुरा पडला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाचे पिंप भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. अक्षरओळख नसलेली आईही जीवरक्षक उपचार समजून घेऊ शकते आणि देऊ शकते, हे त्या छावणीत सिद्ध झाले.

आजाराची जाणीव आणि आकडेवारी

येथे एका विरोधाभासाची नोंद घेणे आवश्यक आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली निदर्शनास आणून दिले की, देशात आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळमध्ये लोक स्वतःच्या आजारांची नोंदही सर्वाधिक करतात, तर बिहारमध्ये आयुर्मान कमी असूनही आजारांची नोंद कमी होते. याचा अर्थ केरळी माणूस अधिक आजारी असतो असा नाही. शिक्षण आणि आरोग्यसेवा यांच्या सहवासाने आजार ओळखण्याची क्षमता वाढते. जेथे मुलांचे वारंवारचे जुलाब हा बालपणाचा नित्यक्रम मानला जातो, तेथे तो आजार म्हणून मोजलाच जात नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९८६ साली केरळ, श्रीलंका आणि कोस्टारिका यांचा विचार करताना स्त्रियांचे शिक्षण आणि स्वायत्तता यांवर भर दिला. शिकलेली आई आजार लवकर ओळखते, मूल दवाखान्यात नेते आणि गुण आला नाही तर पुन्हा जाऊन विचारते. हे ‘पुन्हा जाणे’ फार महत्त्वाचे आहे.

ओळखणे पुरेसे नाही

तथापि सारा भार आईच्या जाणिवेवर टाकणे अन्यायाचे होईल. अनेक घरांत लक्षण आई ओळखते. परंतु पैसा नवऱ्याकडे आणि परवानगी सासूकडे असते. शिवाय हा निर्णय मुलगा आणि मुलगी यांच्याबाबत सारखा होतोच असे नाही. निसर्गतः मुलगे अधिक नाजूक असतात आणि बहुतेक देशांत त्यांचा मृत्यूदर मुलींपेक्षा अधिक असतो. आपल्या देशात २०२० साली पाच वर्षांखालील मृत्यूदर मुलग्यांत हजारी ३१, तर मुलींत ३३ होता. निसर्गाने दिलेली आघाडी मुली घरात गमावतात, हे या दोन आकड्यांचे सांगणे आहे.

खर्चाचा प्रश्नही उरतोच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागात एका वेळी इस्पितळात दाखल होण्याचा सरासरी खर्च १६,६७६ रुपये होता. एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून आजारी नवजात बालकांना आणि पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार, औषधे आणि वाहन यांचा हक्क दिला. पण ज्या कुटुंबाला हा हक्क ठाऊकच नाही, त्याच्या मध्यरात्रीच्या हिशेबात खर्चाचा आकडा जुनाच राहतो.

दवाखान्यात पोहोचल्यावर काय मिळते, यावर पुढच्या वेळचा निर्णय अवलंबून असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, जुलाब झालेल्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांना उपचारासाठी नेले गेले. जलसंजीवनी मात्र ६०.६ टक्के बालकांना आणि झिंक ३०.५ टक्के बालकांनाच मिळाले. कर्नाटक व बिहारमधील खाजगी व्यावसायिकांविषयी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जलसंजीवनी न देण्याचे एक मोठे कारण पुढे आले : पालकांना ती नको असते, असा या व्यावसायिकांचा समज. तेव्हा पालकांनी जलसंजीवनीची पुडी मागून घेणे, हाही उपचाराचा दर्जा सुधारण्याचा एक मार्ग ठरतो. रिकाम्या खुर्चीकडे पाहून परतलेली आई मात्र दुसऱ्यांदा लवकर येत नाही, आणि हा दोष तिचा नसतो.

काय करता येईल

या विवेचनातून काही व्यवहार्य दिशा सुचतात.

पहिली, धोक्याच्या लक्षणांचे शिक्षण केवळ मातांपुरते न ठेवता वडील, सासू आणि शेजारी यांच्यापर्यंत नेले पाहिजे. अंगणवाडी, शिधावाटप दुकान, ग्रामपंचायत कार्यालय यांच्या भिंतींवर ही लक्षणे चित्रांसह आणि स्थानिक शब्दांत असावीत.

दुसरी, निर्णयाच्या क्षणी रोख रकमेची अडचण दूर झाली पाहिजे. ग्राम आरोग्य समितीला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात दिलेला वार्षिक १०,००० रुपयांचा अबंधित निधी आणि गावातली एखादी ठरवून ठेवलेली गाडी यांचा मेळ घातल्यास मध्यरात्रीची अडचण बरीच हलकी होईल.

तिसरी, आशा कार्यकर्तीने पाठवलेल्या बालकाला आरोग्य केंद्रात प्रथम तपासले जावे. तिच्या चिठ्ठीला मान मिळाला, तरच गावात तिच्या शब्दाला वजन येईल. तिने पाठवलेले मूल साध्या सर्दीचे निघाले, तरी तिला बोल लावू नये. काही खोट्या हाकांची किंमत मोजल्याशिवाय खरी हाक वेळेवर ऐकू येत नाही.

चौथी, जे मोजले जाते तेच सुधारते. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बालमृत्यूंचे अन्वेषण करण्याची पद्धत अस्तित्वात आहे. त्यात पहिले लक्षण केव्हा दिसले, निर्णय केव्हा झाला आणि पहिला उपचार केव्हा मिळाला, या तीन वेळा काळजीपूर्वक नोंदवून जिल्हा पातळीवर दरमहा तपासल्या जाव्यात. कोणत्या तालुक्यात कोणता विलंब अधिक, हे कळले म्हणजे निधी कोठे वळवावा हेही कळेल.

देशाने २०३० पर्यंत नवजात मृत्यूदर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. त्यासाठी अतिदक्षता कक्ष, प्रशिक्षित परिचारिका आणि रुग्णवाहिका लागतीलच. परंतु त्या साऱ्या गुंतवणुकीचे फळ मिळण्यासाठी मूल तेथे वेळेत पोहोचले पाहिजे. त्याचा प्रारंभ घरात, दिव्याच्या उजेडात कोणीतरी मुलाचे कपडे वर करून त्याचे श्वास मोजू लागते तेव्हा होतो. मोजणाऱ्याला साठ, पन्नास आणि चाळीस या तीन आकड्यांचा अर्थ ठाऊक असावा, निर्णय घेण्याची मुभा असावी आणि दवाखान्याचे दार उघडे असावे. यांतली पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. उरलेल्या दोन मिळेपर्यंत तिच्यासाठी थांबण्याचे कारण नाही, आणि ती मिळाली म्हणून उरलेल्या दोन विसरण्याचेही नाही.